पन्हळ, शिडी आणि आमचे हे

आमच्या ह्यांना सगळे शिडीकाका म्हणतात. एकतीस वर्षं चर्चचे राखणदार आहेत, पण राखणदार म्हणून कोणी हाक मारली तर वळूनही बघत नाहीत. "शिडीकाका" म्हटलं की लगेच, "बोला." रविवारच्या वर्गाला येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं नाव ते, आणि पोरांचं काही चुकलेलं नाही. कारण हा माणूस जमिनीवर कमी आणि शिडीवर जास्त दिसायचा. घंटेच्या दोरीला तेल द्यायचंय, काढा शिडी. कौल सरकलंय, काढा शिडी. मी मात्र खाली शिडी धरून उभी. लग्नात सात जन्मांची वचनं देतात म्हणे, माझ्याकडून तेवढं एकच घेतलं असावं: शिडी धरेन.

लग्न झालं तेव्हा हे गवंड्याच्या हाताखाली होते. चर्चच्या भिंतीचं काम निघालं, दोन महिन्यांसाठी म्हणून आले ते इथलेच झाले. मागच्या बाजूच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथेच संसार, तिथेच मुलगी मोठी झाली, तिथूनच सासरी गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चच्या छपराची उत्तरेकडची बाजू दिसते, आणि दोन छपरांच्या मधली ती मोठी पन्हळ. त्या पन्हळीने माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा सासूनेही दिला नसेल.

शेजारी दोन दांडगी झाडं आहेत. वर्षातून दोनदा त्यांची पानं झडतात आणि सगळी जाऊन त्या पन्हळीत बसतात. ती वेळच्या वेळी काढली नाहीत तर पाणी तुंबतं, भिंतीत उतरतं आणि आतल्या लाकडी छतावर, म्हणजे तक्तपोशीवर, जातं. हे मला कळतं, म्हणजे बघा, कोणालाही कळेल. म्हणून हे वर्षातून दोनदा वर चढायचे आणि टोपल्या भरभरून चिखल खाली टाकायचे, नेमका माझ्या तुळशीच्या... जाऊ दे, सांगायचं ते राहूनच जाईल.

चर्चचा विमा आहे. विमा कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी एक रजिस्टर पाठवलं. लांबलचक रकाने: तारीख, छप्पर, पन्हळी, विजेपासून वाचवणारी तांब्याची पट्टी, आतल्या तारा, आणि शेवटी सही. जे काम केलं ते लिहायचं आणि सही ठोकायची. एवढंच! पहिलीतलं पोर करेल. पण आमचे हे! ते रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नाही. मेणबत्त्यांच्या खोक्याशेजारी ठेवून दिलं.

"अहो, लिहा की त्यात," मी म्हणायची.

"काम केलं ते पन्हळीला माहीत आहे," हे म्हणायचे. "वहीला कशाला सांगायचं? मी मी म्हणत फिरायचं का?"

अशा माणसापुढे काय डोकं आपटणार? भिंतीवर आपटलं तर निदान भिंत हे दुरुस्त तरी करतील.

तीन वर्षांपूर्वी चोरांनी आमचीच शिडी लावून मनोऱ्यावरची तांब्याची पट्टी उतरवून नेली. मग कंपनीचा नियम आला की शिडी साखळीने बांधा आणि कुलूप लावा. कुलपाला दोन चाव्या. एक ह्यांच्याकडे, एक कमिटीच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे शाळेचे जुने हेडमास्तर, फार शिस्तीचे. त्यांनी आपली चावी आठवडाभरात हरवली. म्हणजे उरली एक.

आता ज्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं ती सांगते. ती चावी मी लपवली.

माझा सख्खा भाऊ रंगारी होता. आठ फुटांवरून पडला, फक्त आठ फुटांवरून, आणि पाच वर्षं अंथरुणावर होता. त्याला मी माझ्या हाताने भरवलंय. आणि हे चौसष्ट वर्षांचे, गुडघे असे वाजतात की शेजारच्या खोलीतून मला कळतं कोण उठलं. तीस फुटांवर चढायची वेळ आली की मला भावाचं अंथरूण दिसायचं. सांगून ऐकणारा माणूस असता तर सांगितलं असतं. मी खिळ्यावरची चावी काढली आणि शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनींच्या खाली ठेवून दिली.

"चावी कुठे गेली गं?" हे म्हणाले.

"मला काय माहीत? असेल इथेच कुठेतरी. जागेवर ठेवत नाही ना काही!"

वर आणि तोंड करून बोलले मी. दोन दिवस शोधली त्यांनी. मला धास्ती होती की हे कुलूप तोडतील. हातोडी तर ह्यांची पिढीजात. पण तोडलं नाही. कमिटीलाही काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विषयच संपला. मी म्हटलं, देव पावला. पानं पडून गेली, पन्हळ तशीच राहिली, आणि मी खिडकीतून तिकडे बघायचंच सोडून दिलं.

एका बुधवारी दुपारी वादळ झालं. सुपारीएवढ्या गारा. उत्तरेकडची कौलं फटाफट फुटली. पाणी पन्हळीत शिरलं, पण पन्हळ तर गच्च. सगळं पाणी भिंतीत आणि भिंतीतून तक्तपोशीवर. गुरुवारी सकाळी गायकवर्गाच्या जागेवरची अर्धी तक्तपोशी धाडकन खाली आली, ऑर्गनच्या डोक्यावर. गाण्याची तालीम संध्याकाळी असते म्हणून माणसं वाचली. मी दारात उभी राहून तो लाकडाचा ढिगारा बघितला आणि मला शिवणयंत्राचा खण आठवला.

कंपनीने नुकसान मान्य केलं तर चर्च पुन्हा उभं राहणार होतं. नाही केलं, निष्काळजीपणा म्हणून शेरा मारला, तर एवढी दुरुस्ती कमिटीला सात जन्मांत झेपणार नव्हती. चर्चला टाळं, आणि टाळं लागलेल्या चर्चला राखणदार कशाला? शिवाय कमिटीच्या बैठकीत कोणीतरी बोललंच, "इतक्या वर्षांत वहीत एक ओळ नाही. हा माणूस काम करत होता तरी कशावरून?" हे मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी ऐकलं. घरी आले आणि जेवले नाहीत.

कंपनीचा माणूस यायच्या आदल्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आमच्याकडे आले. हातात तीन पेनं. एक निळं, एक काळं आणि एक जवळजवळ वाळलेलं.

"शिडीकाका, बसा," ते म्हणाले. "ते रजिस्टर काढा. मागच्या सगळ्या तारखा भरून टाकू. पेन बदलत लिहा, म्हणजे जुन्या नोंदी वाटतील. वाळलेल्याने सुरुवातीच्या लिहा."

जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या ह्या माणसाने! अनुभव बघा कसा कामाला आला.

"मी खोटं लिहिणार नाही," हे म्हणाले.

"खोटं कुठे आहे त्यात? दर वेळी पन्हळ साफ केलीच ना तुम्ही?"

ह्यांनी रजिस्टरच्या पिशवीला हातही लावला नाही. सेक्रेटरी माझ्याकडे आशेने बघायला लागले, कारण एरवी माझं तोंड बंद नसतं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. शेवटी ते वैतागून पेनं टेबलावर टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस म्हणून आली ती एक बाई निघाली. सर्व्हेअर. चाळिशीची असेल, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि गाडीतून काढलेली स्वतःची घडीची शिडी. मी कपाळावर हात मारला. साखळी, कुलूप, चाव्या, आमचा एवढा तमाशा, आणि ही बाई शिडी छत्रीसारखी बरोबर घेऊन फिरते! खटाखट उघडली, सरसर चढली आणि वरून ओंजळभर काळा चिखल घेऊन उतरली. त्या चिखलात वीतभर रोप उगवलं होतं, चांगलं टवटवीत. ते तिने आमच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. एका बाजूला सेक्रेटरी, एका बाजूला हे, मध्ये ते रोप.

"ही पन्हळ शेवटची कधी साफ केली?" बाईंनी विचारलं.

"मागच्या पानगळीला राहिली," हे म्हणाले.

"का?"

"माझा आळस."

आळस! तापात फणफणत असताना घंटा वाजवायला गेलेला माणूस. मुलीच्या लग्नादिवशी वऱ्हाड जेवत असताना मनोऱ्याच्या खिडकीची कडी बसवत होता तो. वहीत खोटी तारीख लिहिणार नाही म्हणाला, आणि आता तोंडाने धडधडीत खोटं बोलत होता, तेही मान खाली घालून. मला राहवलं नाही.

"आळस कसला डोंबलाचा!" मी ओरडलेच. "बाई, चावी मी लपवली. शिडीची. मला भीती वाटत होती, हे पडतील म्हणून. ह्यांनी दोन दिवस शोधली, मी सांगितलं नाही. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा."

तावातावाने जाऊन मी खण उघडला, चावी आणली आणि त्या चिखलाशेजारी आपटली. तिला लाल दोरा गुंडाळला गेला होता. सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले.

हे चावीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिथे आहे ते. तिसऱ्याच दिवशी दिसली. शर्टाचं बटण लावायला दोरा काढला तेव्हा."

"मग घेतली का नाहीत?"

लोकांसमोर नवऱ्यावर असं खेकसू नये, कळतं मला. पण महिनोन्‌महिने मी गुन्हेगारासारखी वावरत होते, त्या खणाला कोणाला हात लावू देत नव्हते, आणि हे त्यातूनच दोरा काढून बटणं लावत होते!

"अहो, बोला ना. का नाही घेतली?"

"त्याच्या आधीच्या खेपेला," हे म्हणाले, "मधल्या पायऱ्यांवर माझे पाय लटपटायला लागले. वरही जाववेना, खालीही येववेना. बराच वेळ तसाच धरून उभा होतो. तू खाली नणंदेबद्दल काहीतरी सांगत होतीस. तुझा आवाज ऐकत ऐकत कसाबसा वर गेलो." मग चावीचा लाल दोरा सोडवत म्हणाले, "तू चावी लपवलीस आणि मला सुटल्यासारखं झालं. शिडीकाका म्हणतात मला. सांगणार कोणाला?"

एकतीस वर्षं खाली उभी होते मी. शिडी ह्या दोन हातांत होती आणि तिची थरथर मला कळली नाही. बोलत होते ना मी! इतका राग आला, ह्यांचा की माझा कोणास ठाऊक, आणि रागातच रडू फुटलं.

सर्व्हेअरबाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग सेक्रेटरींकडे वळल्या. "वयस्क माणसाला उंचावर चढवू नका, बाहेरचा माणूस लावा, असं आम्ही तीन पत्रांत कळवलंय. मिळाली ना?"

"मिळाली," सेक्रेटरी म्हणाले. "फाइलला लावली आहेत."

"वाचून?"

त्यावर हेडमास्तर आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"कोणाचा आळस आणि कोणाची भीती, त्याला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही," बाई म्हणाल्या. "गारांनी कौलं फुटली, ते लिहीन. पन्हळ तुंबली होती, तेही लिहीन. मला रजिस्टर दाखवा."

ह्यांनी पिशवी तशीच आणून समोर ठेवली. बाईंनी एक एक पान उलटलं. पांढरंशुभ्र. "निदान आजची तरी नोंद करा," त्या म्हणाल्या. "मी तिचा फोटो घेते."

सेक्रेटरींची तीन पेनं तिथेच पडली होती. ह्यांनी निळं उचललं. गवंड्याचा हात, अक्षर विटांसारखं एक एक रचत लिहिलं. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. "पन्हळ साफ केली नाही. मला शिडीची भीती वाटते. चावीचा दोष नाही." खाली सही.

"चावीचा दोष नाही म्हणजे?" मी डोळे पुसत म्हटलं. "चावी काय आपल्या पायांनी गेली खणात? माझं पुसून टाकताय होय?"

मी काळं पेन घेतलं आणि सहीच्या रकान्यात, त्यांच्या सहीच्या खाली, दाटीवाटीने माझी सही केली.

कंपनीने कौलांचं आणि छपराच्या लाकडाचं मान्य केलं. तक्तपोशीचं आणि ऑर्गनचं साफ नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. चर्च उघडं राहिलं. गायकवर्ग आता उघड्या वाशांखाली उभा राहून बिनऑर्गनचा गातो आणि अधूनमधून आमच्याकडे बघतो. बघू दे. ह्यांना कमिटीने ठेवलं, शिडी मात्र विकली. पन्हळीला वर्षातून दोनदा बाहेरचा माणूस येतो, पट्टाबिट्टा बांधून. हे खाली उभे राहून त्याला सांगत असतात, डावीकडे राहिलं, कोपऱ्यात बघ. तो माणूस वर गेला की ह्यांचा हात आपोआप माझ्या खांद्यावर येतो, आणि तो खाली उतरेपर्यंत काढत नाहीत. त्या हाताला कंप आहे. मी आता बोलत नाही, नुसती उभी राहते.