भीमसेनच्या ट्रॅक्टरची लिफ्ट

भंगारवाला दुपारी तीनला येणार होता. शिवाप्पा सकाळी नऊलाच ट्रॅक्टरपाशी येऊन उभा राहिला. तीस वर्षं त्यानं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या दुकानात हायड्रॉलिक पंप दुरुस्त केले होते. पण दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती आणि आता आपल्याला काही सुचेल की नाही, याची त्याला धास्ती होती.

ट्रॅक्टर त्याच्या मित्राचा, भीमसेनचा. दोघेही निपाणीकडचे, तरुणपणी एकाच कारखान्यात शेजारच्या लेथवर उभे राहिलेले. शहराबाहेर मागडी रोडला भीमसेननं तीन एकर जमीन घेतली, तेव्हा हा ट्रॅक्टर जुनाच आणला. सुट्टीच्या दिवशी दोघं तो खोलून बसायचे. भीमसेनची बायको शालन भाकरी घेऊन यायची आणि म्हणायची, "नांगरता कधी? निस्तं खोलताच की!" भीमसेन जाऊन आता दोन वर्षं झाली. शेताला तिन्ही बाजूंनी अपार्टमेंटनी घेरलं होतं.

"काका, मेकॅनिक म्हणाला पंप गेलाय, अन् ह्या मॉडेलचा पंप आता मिळत नाही," भीमसेनचा मुलगा योगीराज म्हणाला. "नांगर उचलताना झटके देतो. गरम झाला की उचलतच नाही. ठेवून करू काय?"

"स्वल्प थांब, जरा बघू दे."

शिवाप्पानं थंड इंजिनावरच नांगर वर घ्यायला लावला आणि इंजिन बंद करायला सांगितलं. दहा मिनिटं गेली. नांगर अधांतरी, तसाच.

"सिलिंडर गळत असता तर खाली आला असता," तो पुटपुटला. "झटके देतो म्हणजे पंपालाच तेल नीट पोचत नसेल."

त्यानं तेलाची पट्टी बाहेर काढली. तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. आत पाणी गेलं होतं. शिवाप्पाचा हात तिथंच थबकला.

गेल्या दसऱ्याच्या आयुधपूजेला ट्रॅक्टर त्यानंच धुवून आणला होता. भीमसेन नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचा. शिवाप्पानं मात्र मित्राची वस्तू चकचकीत दिसावी म्हणून गाड्या धुणाऱ्याकडे नेऊन प्रेशरचा फवारा मारून घेतला, अगदी गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीवरही; लिफ्टचं तेल त्याच गिअरबॉक्समध्ये, पाणी तिथूनच शिरलं. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत.

न सांगताही खपलं असतं.

"योगी, चूक माझी," तो म्हणाला. "पाणी मी घातलं."

योगीराज काही बोलायच्या आत शालननं मागून ऐकवलं, "तुम्ही धुतला तरी, अण्णा. ह्या योगीला किल्ली कुठं टांगलीय तेसुद्धा ठाऊक नाही!"

तेल उपसलं. पंपाकडे जाणारं तेल गाळणाऱ्या जाळीवर लोण्यासारखा चिकट थर बसला होता. शिवाप्पानं ती डिझेलनं धुतली. नवं तेल भरून हवा निघेपर्यंत लिफ्ट दहा-बारा वेळा वरखाली केली. पहिल्यांदा कण्हली, अडली, मग गुमान चालू लागली.

"गरम झाल्यावर खरं कळेल," तो म्हणाला.

तासभर योगीराजनं नांगरलं. मध्येच भंगारवाल्याचा टेम्पो आला. इंजिन चांगलं तापल्यावर योगीराजनं लिव्हर ओढला. नांगर झटका न देता उचलला गेला.

"बेडा, नको अण्णा, विकायचा नाही," त्यानं ट्रॅक्टरवरूनच टेम्पोवाल्याला सांगितलं. तो कन्नडमध्ये चरफडत निघून गेला.

"उतर, एक फेरी मारतो," शिवाप्पा म्हणाला.

"गुडघे?" शालननं विचारलं.

"बघू." तो कसाबसा वर चढला.

कंपाउंडच्या भिंतीपाशी पोचल्यावर त्यानं लिव्हर ओढला, नांगर उचलला आणि वळताना सवयीनं ओरडला, "भीम्या, बघ रे!"

बांधावरून योगीराजनं ओ दिली, "बघतोय, काका!"