शशिधरची पाठ आणि हॉलमधला रेडिएटर

साउथहॅम्प्टनच्या एका शिपिंग कंपनीत जड वस्तू सुरक्षितपणे कशा उचलाव्यात, हे शिकवायचं काम शशिधरकडे होतं. निवड अगदी योग्य होती. त्याने स्वतः लॅपटॉपपेक्षा जड काही उचललेलं कोणी पाहिलं नव्हतं. प्रोजेक्टर लावून तो गोदीतल्या आडदांड गोऱ्यांना सांगे, "पाठ सरळ, गुडघे वाकवा, वजन पोटाशी धरा." तेही बिचारे ऐकून घेत.

मागच्या वर्षी जमिनीवर पडलेला टॉवेल उचलताना त्याच्या पाठीत उसण भरली होती. ही गोष्ट त्याने ऑफिसपासूनच काय, बायकोपासूनही लपवली होती. आता सोमवारी नवी बॅच येणार होती. गुरुजीच वाकडे चालत आले, तर त्या हशाने अख्खी गोदी हादरली असती.

आणि नेमका आज, ऐन जानेवारीतल्या शनिवारी, वॉलपेपरसाठी काढलेला, घर गरम ठेवणारा हॉलमधला लांबलचक दुहेरी रेडिएटर परत भिंतीवर चढवायचा होता. त्याची बायको प्रमोदिनी घरात कोट घालून पुऱ्या लाटत होती.

"अहो, प्लंबरला बोलवा ना."

"मी जगाला शिकवतो आणि माझ्या घरी माणूस बोलावू?"

म्हणून मित्र आला, अनुप. मदतीला आलेल्या माणसाला उपाशीपोटी कामाला लावणं प्रमोदिनीच्या बुद्धीला पटेना. तिने पुरी-श्रीखंडाचं ताट वाढलं. आग्रह झाला, आग्रहावर आग्रह झाला. मग दोघे रेडिएटरसमोर येऊन उभे राहिले.

"गुडघे वाकव," शशिधर म्हणाला.

"वाकवतोय रे, पण मध्ये श्रीखंड येतंय. तू वाकव की!"

शशिधरही फारसा वाकला नाही. वाटेतली खुर्ची मात्र त्याने शास्त्रशुद्ध हलवली, आतलं उरलेलं काळं पाणी बादलीत काढलं, आणि मध्ये टेकवायला म्हणून भिंतीपाशी घरातले दोन्ही पोळपाट मांडले. प्रमोदिनीने कपाळाला हात लावला.

"तीन म्हटलं की उचलायचं. एक, दोन, तीन!"

रेडिएटर उठला. पोळपाटांच्या वर गेला, भिंतीवरच्या हुकांच्या अगदी जवळ पोचला, आणि शशिधरच्या कमरेत ओळखीची कळ आली. अशा वेळी काय करायचं, हे तो दर महिन्याला शिकवत असे: मोठ्याने सांगा आणि खाली ठेवा. दुसऱ्याला सांगायला किती सोपं होतं ते!

"अनुप," तो पुटपुटला, "ठेव."

"अरे, आलंच की! एवढंसं वर!"

"ठेव म्हणतो ना! पाठ गेली माझी!"

रेडिएटर अलगद पोळपाटांवर टेकला.

"गेली?" प्रमोदिनी पुढे आली. "तुमची पाठ?"

"परत गेली," शशिधरच्या तोंडून निघून गेलं.

"परत? म्हणजे आधीही गेली होती?" तिने कोट काढून पदर खोचला. "आडवे व्हा आधी. भाऊजी, ती बाजू धरा तुम्ही."

ती नीट गुडघ्यांत वाकली, तिने वजन पोटाशी घेतलं, आणि रेडिएटर हुकांवर जाऊन बसला.

"वहिनी, सोमवारी याच्या क्लासचं काय?"

"काय व्हायचंय? आडवे पडून शिकवतील. नाहीतरी ऐकणारे झोपलेलेच असतात."

शशिधर कार्पेटवर उताणा पडून होता. रेडिएटर डावीकडे बोटभर कललाय, हे त्याला तिथून स्पष्ट दिसत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कोणालाही सूचना केली नाही.