वांगी रंगाची गाडी

गाडीत बसण्याआधी ताई टपावर दोन थापा मारायची, गाईच्या पाठीवर माराव्यात तशा. पेशाने ती गुरांची डॉक्टर. मूळची साताऱ्याकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाच्या आसपासच्या फार्म्सवर दिवसभर गाई-वासरांत वावरायची. इथे मराठी घरं मोजकी, त्यामुळे ती आमची सगळ्यांचीच ताई.

तिच्याकडे आणि माझ्याकडे एकाच मॉडेलची गाडी होती. सत्तरच्या दशकातली, ऑस्ट्रेलियातच बनलेली, आठ सिलिंडरची. सुरू केली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरायच्या. गाडी एक, पण आमचे धर्म वेगळे. मला माझी गाडी कारखान्यातून निघाली तश्शी हवी होती. तोच पिवळा रंग, तेच स्क्रू, सीटवर तेच कापड. ताईने तिची गाडी वांगी रंगात रंगवून घेतली. जुना गिअरबॉक्स काढून ऑटोमॅटिक बसवला, एसी बसवला, आणि एका गाईच्या लाथेने मनगट मोडल्यावर स्टिअरिंगसुद्धा बदलून हलकं करून घेतलं.

"अगं ताई, इतिहास आहे तो!" मी कळवळून म्हणायचो.

"गाडी माझी आहे ना? मग माझ्या मापाची नको? ब्लाउज शिवून घेतलेल्या बाईला विचारतोस का, ओरिजिनल आहे का म्हणून?"

तुम्ही ती गाडी पाहिली असती तर तुम्हीही हसला असता. मागच्या सीटवर गमबूट, डिकीत दोर आणि औषधांची पेटी, आत कायम गोठ्याचा वास. मीही हसायचो. पण ती रोज रस्त्यावर असायची आणि माझी गॅरेजमध्ये, चादरीखाली. सिग्नलला अनोळखी माणसं काच खाली करून ताईशी गप्पा मारायची. मी माझ्या ऑफिसच्या पांढऱ्या गाडीत तिच्या मागे उभा राहून ते बघायचो. "ही माझ्याकडेही आहे हो," असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

मग माझी आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे कामातून गेलेले. आल्यापासून तिचं एकच. "त्या तुझ्या लाडक्या गाडीत बसव की रे मला एकदा."

"एक काच यायची आहे आई. मग थाटात नेतो."

खरं म्हणजे गाडी चालत होती. काचही होती. फक्त ती मूळची नव्हती, आणि मूळची मिळेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही असं मी ठरवलं होतं.

ताईच्या कानावर हे गेलं. आठवड्याच्या आत तिने भंगारातल्या एका व्हॅनमधली बाहेर वळणारी सीट मिळवली आणि आपल्या गाडीत बसवून आमच्या दारात उभी राहिली. "काकूंचे गुडघे वळत नाहीत ना, म्हटलं सीट वळू दे."

त्यानंतर आई आठवड्यातून दोनदा ताईबरोबर फार्मवर जायला लागली. अर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, परतायची ती चपलांना काळी माती घेऊन. "अरे, इथे आपल्यासारखी ज्वारी आहे! आणि हे लोक ती गुरांना घालतात!" बायकोला ती वासरांच्या गोष्टी सांगायची. मी विचारलं, "काय केलंत आज?" तर म्हणायची, "काही नाही रे, फिरलो." आणि ताईकडे बघून तोंडाला पदर लावायची. माझी आई, माझ्या घरात, माझ्यापासून काहीतरी लपवून हसत होती.

आई परत जायला महिना राहिला असताना मी ताईला फोन केला. "आईला ऊन सोसत नाहीये. आता नको नेऊस."

ते खोटं होतं. ताई म्हणाली, "बरं. नो वरीज."

शेवटचा महिना आई खिडकीत बसून राहिली. दोनदा मला म्हणाली, "ताई आली नाही ती." मी म्हणालो, "कामात असेल."

परतल्यावर चार महिन्यांनी आई पुण्यात झोपेतच गेली. त्यानंतर काच आली. गाडी पुरी झाली, प्रदर्शनात परीक्षकांना एकही चूक सापडली नाही, मला कप मिळाला. ताईही आली होती. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "सुंदर झालीय रे. अगदी कुणी बसलंच नाही अशी."

गेल्या वर्षी ताईने पश्चिमेकडे, पार दुसऱ्या टोकाला नोकरी धरली. अख्खा देश ओलांडून त्याच गाडीने जाणार होती. निघायच्या सकाळी मी भेटायला गेलो. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"आई काय करायची गं तुझ्याबरोबर?"

ताईने हातातली बॅग खाली ठेवली. "शपथ घातली होती त्यांनी. पण आता सांगते. गाडी चालवायच्या."

"कोण? आई?"

"ज्वारी काढून झाली होती. मोकळं शेत, आडवं यायला काही नाही. मी ती वळणारी सीट ड्रायव्हरच्या बाजूला लावली, चार बोल्ट तर होते. पहिल्या दिवशी तीन फेऱ्या मला शेजारी बसवून मारल्या. ओरडत काय होत्या, हॉर्न काय वाजवत होत्या! चौथ्या फेरीला मला खाली उतरवलं. म्हणाल्या, तू बाहेर उभी राहून बघ."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला चकित करायचं होतं. त्याची गाडी तयार झाली की पहिली फेरी मी मारणार, म्हणायच्या. त्यासाठीच शिकत होत्या."

माझ्या गाडीचा मूळ क्लच दाबायला आईच्या गुडघ्यांत बळ नव्हतं. ते मूळ स्टिअरिंग तिच्याने हललंही नसतं. ताईला हे ठाऊक असणारच. तिने आईला ते सांगितलं नव्हतं, आणि उन्हाबद्दल त्या सकाळी ती मला काही बोलली नाही. नुसता माझा खांदा दाबला आणि निघाली. गाडी वळणाआड गेली तरी इंजिनाचा आवाज बराच वेळ येत होता.

मला रडू आलं, पण ते नंतर. आधी हेवाच वाटला. मोकळ्या शेतात एकटी गाडी चालवत, हॉर्न वाजवत येणारी माझी आई कुणीतरी उभं राहून पाहिली होती, आणि ते मी नव्हतो.