मटार सोलणाऱ्यांना कथा ऐकवावी

सर्व होतकरू लेखक-लेखिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लेखनकलेसाठी लागणारी सर्वांत आवश्यक वस्तू मला सापडलेली आहे. कृपया उभे राहून ऐकावे. ती वस्तू म्हणजे मटार.

बसा आता. सांगते.

यांची केंद्र सरकारची नोकरी. सत्तर साल उलटल्यावर केव्हातरी बदली झाली आणि लग्नाला वर्षही न झालेली मी अकोल्याहून थेट चंदीगडला येऊन पडले. तिथल्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचा एक रिवाज होता. संक्रांतीच्या संमेलनात हळदीकुंकू, तिळगूळ झाला की कुणीतरी स्वतःची कथा वाचायची आणि त्यानंतर जेवण. हा क्रम ज्याने लावला त्याचा साहित्यावर काहीतरी जुना राग असावा. आमच्या दुसऱ्या संक्रांतीला एका प्राध्यापकांनी ऐतिहासिक कथा वाचली. मसालेभाताचा वास हॉलभर पसरलेला, आणि ऐन लढाईत मागून आरोळी आली, "पानं वाढलीऽऽ!" सरदार घोड्यावर राहिले आणि श्रोते पानावर जाऊन बसले. उरलेली लढाई प्राध्यापकांनी एकट्यानेच जिंकली.

हे डोळ्यांनी पाहूनही पुढच्या वर्षासाठी मी माझं नाव दिलं. हसू नका, तुम्हीही दिलं असतंत. मनाशी मात्र पक्कं ठरवलं होतं: लोक मधेच उठून गेले, तर पुन्हा म्हणून लिहायचं नाही. आणि त्या वर्षी वाढपाचे प्रमुख कोण, आरोळी देणार कोण? तर आमचे हे!

माझी कथा एका कोळ्याच्या मुलीची होती. ती किनाऱ्यावर उभी राहून क्षितिजाकडे बघते. तीन पानं बघते. चौथ्या पानावर वारा येतो, म्हणून ती पदर सावरते आणि पुन्हा बघते. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. अकोल्याला तो नसतो आणि चंदीगडमध्ये त्याची कुणी चौकशीही करत नाही. पण परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने लिहायला बसलं की समुद्र, माड आणि तुळशीवृंदावन आपोआप येतं अशी आमच्या मंडळात समजूत होती. मीही ती पाळली.

वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांच्या पत्नी राहत. साताऱ्याकडच्या, बोलायला रोखठोक. मी त्यांना वहिनी म्हणे. शेजारी एक वयस्कर पंजाबी बाई, त्यांना सगळे बीजी म्हणत. जानेवारीच्या उन्हात हिरवळीवर खाट टाकून आम्ही तिघी मटार सोलायला बसायचो. तिकडे थंडीत मटार किलोने कुणी घेत नाही, पोत्याने घेतात. एका दुपारी मी म्हटलं, "कथा वाचून दाखवू का?"

"वाच की. हात मोकळे नाहीत, कान आहेत," वहिनी म्हणाल्या.

बीजींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्याही सरसावून बसल्या. "पुत्तर, रोना कित्थे है, दस देईं." म्हणजे रडायचं कुठे तेवढं सांग, मी तयार आहे.

मी वाचू लागले. परातीत मटार पडत होते, टपटप, टपटप. क्षितिज आलं तशी टपटप वाढली. वारा आला तेव्हा वहिनी दोन्ही हातांनी दोन शेंगा फोडत होत्या. शेवटी मुलगी समुद्रात शिरली आणि इकडे पोतं तळाला लागलं.

"कशी वाटली?"

"छान. मटार भराभर झाले."

"वहिनी!"

"अगं, रागावू नकोस. पण ती पोरगी एकदाची आत गेली ते बरं झालं. वाऱ्यात किती वेळ उभी!"

बीजी ओढणीचं टोक डोळ्यांपाशी धरून बसल्या होत्या. "हो गया?" त्यांनी हिरमुसून विचारलं. "मैं तां उडीकदी रही." बिचाऱ्या शेवटपर्यंत वाट बघत राहिल्या.

मला रडू आलं होतं, म्हणजे कथेतलं रडू निदान एकीला तरी आलं. ते लपवण्यासाठी मी विषय बदलला. "तुमचं काय वहिनी, तुम्ही इथल्या जुन्या. मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचं घरसुद्धा सापडलं नव्हतं."

"म्हणजे?"

मग मी मोडक्यातोडक्या हिंदीची फोडणी देत सांगितलं, बीजींनाही कळावं म्हणून. त्या दिवशी सकाळी मी यांना ठणकावलं होतं की रस्ते मला पाठ झालेत, कागदावर पत्ता लिहून द्यायची गरज नाही. बाजारातून निघाले तर धुकं असं की रिक्षावाल्याची पाठ दिसेना. आपल्या गल्लीसारखी गल्ली आली, उतरले. घराचा नंबर बरोबर. मागचं दार उघडं. आत गेले, फ्लॉवर ओट्यावर ठेवला, स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण टाकलं. चहाचा डबा जागेवर नव्हता. म्हटलं, यांनी पुन्हा डबे हलवले! तेवढ्यात आतल्या खोलीतून जाड आवाज आला, "बहू, मेरी चा विच लाची पा देईं." सूनबाई, माझ्या चहात वेलची टाक म्हणे. ऑफिसमधलं कुणी वडीलधारं आलं असावं आणि यांनी मला सांगितलंही नाही, असं वाटून मी आणखी चिडले. वेलची शोधली, ठेचली, टाकली. आणि पांढरीशुभ्र दाढी टॉवेलने पुसत एक सरदारजी आजोबा दारात येऊन उभे राहिले. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतेय आणि मधे चहा उकळतोय. सेक्टर शेजारचा होता. सरकारी क्वार्टर्स एका साच्यातून काढलेली, नंबरही तोच.

मी बोलायची थांबले, तर टपटप केव्हाच बंद. वहिनींनी अर्धवट फोडलेली शेंग माझ्यासमोर धरली.

"हे बघ. हात थांबला."

"मग?"

"मग हेच लिही की!"

"हे? यात समुद्र नाही, काही नाही."

"धुकं आहे ना, तेवढं बास. नवऱ्याला सांगितलंस का हे?"

"नाही हो. पत्ता पाठ आहे म्हणाले होते ना मी!"

"दोन वर्षं नवऱ्यापासून लपवलेली गोष्ट आणि ही बया समुद्र शोधत बसलीय!"

त्या चहाचं पुढे काय झालं ते ऐकल्यावर तर वहिनी खाटेवरून पडायच्या राहिल्या आणि बीजींनी डोळे पुसले, हसून हसून. "हे मात्र अगदी शेवटाला सांग," वहिनींनी बजावलं. "नाहीतर जातील सगळे पानावर."

तेव्हा लिहित्या मंडळींनो, आपलं लिखाण अशा माणसाला ऐकवा ज्याचे हात कामात आहेत. तोंडाकडे बघू नका, तोंडं सभ्य असतात. हातांकडे बघा. मी नवी कथा लिहिली ती चंदीगडची रचना, सरळ रस्ते, गोल चौक अशी दोन पानं आधी घालून, आणि पुन्हा खाटेवर वाचली. टपटप जोरात सुरू! रिक्षा धुक्यात थांबली तिथे टपटप मंदावली. ती दोन पानं मी फाडून टाकली. कथा तिथूनच सुरू होत होती, आधीचं मी नुसतं खाकरत होते. आणि एखाद्या दिवशी सगळं पोतं सोलून झालं तरी रडू नका. निदान उसळ तरी होते.

संक्रांतीला मी वाचायला उभी राहिले. मसालेभाताचा वास आलाच. मटार नव्हते, म्हणून मी पहिल्या रांगेतल्या बायकांच्या हातांकडे बघत वाचलं. तिळगुळाच्या पुड्या चाळवणं एकेक करून थांबलं. सरदारजी दारात उभे राहिले आणि नेमक्या त्याच क्षणी हॉलच्या दारात हे उभे राहिले, कमरेला पंचा, हातात भाताचा डाव, आरोळीसाठी तोंड उघडलेलं.

मी वाचणं थांबवलं. संपलं, वाटलं. कुणी उठलं नाही. हेही ओरडले नाहीत; वाढता वाढता बाहेरून सगळं ऐकलं असावं. तोंड तसंच उघडं, डावातला भात एकेक शीत करून खाली पडतोय, आणि चेहऱ्यावर दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ हळूहळू उजाडतेय. मग सगळ्या हॉलसमोर यांच्या तोंडून निघालं:

"अगं, पण तो चहा प्यायला कुणी?"