चार घरांचं जांभळं लुगडं

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत न्हाय. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पदराला धरून दुसरा बाहेर येतो आणि हातातला चहा गार होतो. आमच्या तुळजापूरच्या गल्लीतले निम्मे किस्से कपड्यांचे. पुजाऱ्यांची चार घरं, सगळे भाऊबंद, भिंतीला भिंत. राज्य निजामाचं, त्यात जर्मनची लढाई चालू. कापड कंट्रोलवर, आणि कूपन हातात असलं तरी दुकानात मिळायचं ते जाडंभरडं मांजरपाट. त्यामुळं चांगली म्हणावी अशी वस्तू गल्लीत एकेकच होती, आणि ती सगळ्यांची होती.

*

माझा थोरला भाऊ आबा आणि चुलतभाऊ बाळू, दोघं कचेरीत कारकून. साहेबापुढं जायचं तर अंगात शेरवानी पाहिजे, आणि शेरवानी दोघांत मिळून एक. आबा ताडमाड, बाळू त्याच्या खांद्याला. साहेबानं ज्याला बोलावलं त्यानं ती चढवायची, बाहेर आल्यावर खुंटीला लावायची. बाळू घालायचा तेव्हा बाह्यांतून नुसती बोटांची टोकं दिसायची.

एकदा साहेबानं दोघांना एकदम बोलावलं. आबा आत गेला. साहेबानं विचारलं, दुसरा कुठाय? आबा खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, "हुजूर, मैं बाहर गया तो वो आता."

साहेब समजूतदार होता. पुन्हा त्यानं दोघांना कधी एकदम बोलावलं न्हाय.

*

बायकांची शेरवानी म्हणजे नर्मदाकाकूचं जांभळं इरकली लुगडं. काकू माझी थोरली चुलती. ते लुगडं तिनं सोलापुरातून आणलं. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत, इकडं येताना नाक्यावर जकात घेणारे करोडगिरीवाले गाठोडी सोडून बघायचे. काकूनं गाठोडं केलंच न्हाय. ते नऊवार अंगावरच नेसली आणि वरून आपलं रोजचं नऊवार नेसली. उन्हाळ्याचे दिवस, मोटारीत ती घामानं निथळत होती.

नाक्यावरच्या माणसानं तिला सकाळी जाताना पाहिलेलं. तो म्हणाला, बाई, सकाळी तुम्ही बारीक होता. काकूनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "लेकीच्या घरी जेवले. तुम्ही न्हाय जेवत व्हय?"

काकूला लेक नव्हती. चौकशी करायला नाक्यावर तेवढा वेळही नव्हता.

*

त्या लुगड्यात माझी थोरली बहीण सासरी गेली, बेंबळीला. चार दिवसांसाठी म्हणून नेसवलेलं. पण सासूनं घडी करून ते ट्रंकेत टाकलं आणि कुलूप लावलं. आता परत कोण मागणार? मुलीकडच्यांनी मागायचं म्हणजे तोंड कुठं लपवायचं?

काकू स्वतः बेंबळीला गेली. लुगड्याचं नाव काढलं न्हाय. तीन दिवस राहिली, भाकरी थापल्या, विहिणीचे पाय चेपले. आता काकूला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? निघताना लुगडं नेसवायची रीत. बहिणीच्या सासूनं एक साधं पांढरट पातळ काढलं. काकू लाजल्यासारखं करून म्हणाली की नेसवायचंच असंल तर ते जांभळं नेसवा, मला तो रंग शोभतो.

विहीण कात्रीत सापडली. कुंकू लावून, ओटी भरून तिनं काकूचं लुगडं काकूलाच नेसवलं. पुढं काकू ते सगळ्यांना दाखवायची. म्हणायची, हे आहेराचं आहे, बेंबळीची माणसं फार मोठ्या मनाची.

*

गल्लीतली प्रत्येक मुलगी त्याच लुगड्यात दाखवायची, आणि ठरायचंही. लुगडं सुलक्षणी म्हणून नाव झालं. मग गंगूची पाळी आली आणि नाव जायला लागलं. गंगू माझी चुलतबहीण, सावळी, उंच, कामाला वाघ. पाच ठिकाणांहून नकार आला. बायका कुजबुजायला लागल्या की लुगड्याचा गुण संपला.

काकूनं पाणवठ्यावरच ऐकवलं, "नकार देणारे आंधळे असतील. माझ्या लुगड्याला कशाला नावं ठेवता?"

गंगूच्या बापानं मात्र सांगून टाकलं की आता एकदाच दाखवीन. न्हाय जमलं तर कळंबकडच्या बिजवराला देऊन मोकळा होईन. त्या बिजवराची मोठी मुलगी गंगूच्याच वयाची होती. गंगू जेवेनाशी झाली, एवढं आम्ही बघत होतो.

*

तेव्हाच येरमाळ्याची एक बाई मुलाला घेऊन देवीच्या दर्शनाला आली. आलोच आहोत तर तुमच्या तिन्ही मुली बघून जातो म्हणाली. तिन्ही म्हणजे आमची आणखी एक चुलतबहीण सुंदरा, मी आणि गंगू. घरं तीन, दुपार एक, लुगडं एक.

आधी सुंदरा. ती गोरीपान, पोहे देऊन आत आली की चौघींनी तिचं लुगडं फेडलं आणि परसदारानं माझ्याकडं पळवलं. पाहुणे आमच्या ओसरीवर आले तेव्हा काकू माझा काष्टा खोचत होती. मी पोहे दिले आणि ताटावरच शिंकले, त्यामुळं माझा निकाल तिथंच लागला. मग परसदारानं लुगडं गंगूकडं. तोवर ते चुरगळलं होतं, गरम झालं होतं. "माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यात काय राहिलं असंल?" गंगू म्हणाली. काकूनं तिचा पदर नीट केला आणि तिला बाहेर ढकललं. नवरा मुलगा तिन्ही घरी सतरंजीच बघत बसला होता.

आठ दिवसांनी मोटारीच्या ड्रायव्हरकडून निरोप आला. मुलीचं नाव तो वाटेत विसरला होता. एवढंच म्हणाला, जांभळ्या लुगड्यातली पसंत आहे.

ओसरीवर चारी घरं जमलेली. कोण पसंत असणार, हे सगळ्यांना कळत होतं. सुंदराचा बाप हसायलाही लागला होता. गंगू उठून आत चालली.

सुंदरा म्हणाली, "मी तर त्या दिवशी हिरवं नेसले होते."

तिच्या आईनं तिच्याकडं बघितलं आणि तिच्या बापाला डोळ्यानंच दटावलं. मग मी म्हणाले, मीपण हिरवंच. मला सुंदराचा लई अभिमान वाटला. थोडं वाईटही वाटलं, कारण मुलगा दिसायला बरा होता.

काकू म्हणाली, "मग झालं तर. गंगूचं ठरलं."

सुपारी फोडायला येरमाळ्याहून नुसते पुरुष आले. त्यामुळं मुलाच्या आईनं गंगूला पुन्हा पाहिलं ते लग्नात, अंतरपाट सरल्यावरच. गंगूनं डोळे गच्च मिटलेले. मी आणि सुंदरा मागं करवल्या म्हणून उभ्या.

सासूनं गंगूची हनुवटी वर केली. बराच वेळ बघितलं. मग सुंदराकडं बघितलं, मग माझ्याकडं. हातातल्या पाटल्या उतरवून तिनं गंगूच्या हातात चढवल्या. मग काकूला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "धाकट्या लेकासाठी दोन वर्षांनी येईन. तवा एकेकीला येगळं नेसवा."