तांबडं शटर

मी रंगारी. होड्या, दुकानं, पाट्या, सगळं रंगवतो. देवळाचा कळस तेवढा मला देत नाहीत, कारण एकदा शिडीवरून माझ्या हातचा डबा सुटला तो थेट पुजाऱ्याच्या धोतरावर. शाळा चौथीपर्यंत. पाटीवरची अक्षरं मी लिहीत नाही, चित्रासारखी काढतो. त्यामुळे माझ्या चुकासुद्धा सुबक असतात.

आमच्या गावाच्या मधून खाडी जाते. अलीकडे आमची वाडी, तिचा रंग निळा. पलीकडे त्यांची वाडी, तिचा तांबडा. हे सगळं फुटबॉलमुळे. मी बारका होतो तेव्हा मुंबईचा एक चाकरमानी फॅक्टरीत उरलेल्या बनियनांची दोन गाठोडी घेऊन आला, दोन्ही वाड्यांच्या पोरांना खेळायला. होडी पहिली आमच्या काठाला लागली. वरचं गाठोडं उचललं, ते निळं निघालं. बस्स. गाठोडी उलटी रचली असती तर मी आज तांबडा असतो. कधी कधी काम करता करता हे आठवतं आणि हातातला ब्रश थांबतो. एवढा मोठा गाव, आणि त्याचा रंग कोणी ठरवला? वर कुठलं गाठोडं होतं त्याने!

आता बघा. आमच्याकडे चक्की निळी, रिक्षाच्या सीटा निळ्या, होडीची पट्टी निळी. पलीकडे सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधतो तेही तांबडं. आमचा सरबतवाला कोकमाचं सरबत निळ्या ग्लासातून देतो, आतला रंग दिसू नये म्हणून. एका दुकानदाराला थंड पेयाच्या कंपनीने फुकटात तांबडा फ्रीज दिला, तर आठ दिवस त्याच्याकडे काडेपेटी घ्यायलाही कोणी गेलं नाही. शेवटी त्याने फ्रीजवर निळी चादर घातली. अजून आहे ती चादर. थंडी वाजल्यासारखा उभा असतो बिचारा फ्रीज.

मी दोन्हीकडे काम करतो. पलीकडे गेलो की आधी माझी नखं तपासतात.

माझ्या बायकोने बारा-तेरा वर्षं मालवणात दुसऱ्यांच्या हॉटेलांत जेवण रांधलं. हातावर तव्याचे डाग इतके, की मी रंगारी असून तिचेच हात जास्त रंगलेले. तिला स्वतःची खानावळ काढायची होती. एसटी थांब्याच्या वळणावर एक गाळा मिळाला. निळी टेबलं, निळ्या खुर्च्या, निळी ताटं, सगळं तिने हौसेने आणलं. दिवाळी झाली की आठ दिवसांनी उघडायची ठरली.

आणि दिवाळीत मॅच. भातं कापून झाली की मोकळ्या मळ्यात दोन वाड्यांची मॅच होते. त्या वर्षी आमचा गोलकीपर ट्रॉलरवर, समुद्रात. पोरं म्हणाली, "काका, तुमीच ऱ्हवा. नुसते उभे ऱ्हवलास तरी अर्धो गोल झाकता." मला तो मान वाटला. चड्डी मागून आणली.

पलीकडच्या वाडीचा एक माइकवाला आहे. मॅचची कॉमेंट्री करतो, बाकीचे दिवस भांडणं करतो. मला गोलात बघून माइकवर ओरडला, "रंगारी काय गोल अडवतलो? पोस्टाक रंग मारूक इलो आसात!" सगळा मळा हसला. मी तरातरा गेलो, त्याच्या हातातला माइक घेतला आणि बोललो, "हरलो तर माज्या बायलेच्या खानावळीचा शटर वरसभर तांबडा करतंय!"

माइकवर दिलेला शब्द आमच्याकडे देवळात दिल्यासारखा. बायकांच्या घोळक्यात माझी बायको उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मॅच संपत आली तरी गोल नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात चेंडू आला. जोरात नाही, रमतगमत, पाहुण्यासारखा. मी वाकलो आणि चड्डीची नाडी तुटली. आता हात दोन आणि वाचवायच्या गोष्टी दोन. मी चड्डी धरली. माझी इज्जत वाचली, वाडीची गेली.

आमच्या वाडीत एक गावकार आहेत. म्हातारे. कुठलंही शुभकार्य असो, वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. मॅच संपल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आधी शिवी घातली, "शिरा पडली तुज्या तोंडार." मग म्हणाले, "तांबड्या शटरासमोर उभो ऱ्हवान गाऱ्हाणा घालूचंय नाय मी. आणि जेवकय कोण येवचो नाय." एवढं बोलून गेले. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे साधी पानपट्टी उघडत नाही. म्हणजे खानावळ उघडायच्या आधीच बंद.

घरी बायकोने दोन दिवस ताट माझ्यासमोर आपटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "शब्द तुमी दिलास, रंग तुमीच मारा. आणि बरो मारा. ओघळ दिसता नये."

मी मारला. घासून, प्रायमर देऊन, दोन हात. रंगाची छटा बघायला माइकवाला स्वतः होडीने आला. "फिको नको हां," म्हणाला. खोटं कशाला सांगू, माझ्या उभ्या आयुष्यात तेवढं सफाईचं काम माझ्या हातून झालं नाही. आरशासारखं चकाकत होतं, आणि त्यात माझंच तोंड दिसत होतं.

उघडायच्या दिवशी वाडी आली, पण रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. गावकार सगळ्यात मागे, पाठ करून. मला वाटलं, आता ही रडणार. तिने पदर खोचला, वाकली, आणि शटर धडाडधूम वर ढकललं.

वर गेलेलं शटर गुंडाळलं जातं. आत निळी टेबलं, निळ्या खुर्च्या, निळी ताटं. तांबडं नावाला नाही.

ती गावकारांना म्हणाली, "आता खंय आसा तांबडा? दाखवा माका."

गावकार वळले. वर बघितलं, खाली बघितलं. शटर रंगवतानाही माझ्या डोक्यात जे आलं नाही ते तिच्या डोक्यात पहिल्या रात्रीच आलं असणार. माझं डोकं म्हणजे प्रायमर न मारलेली भिंत, काही धरतच नाही. मी तिच्याकडे बघतच राहिलो. वीस वर्षं संसार केला, आणि ही बाई मी पहिल्यांदाच बघत होतो.

गावकार पुढे आले, नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकीन आज धंदो मांडल्यान आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हाताक चव आसा, ती तशीच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तिच्या घोवान जो शब्द दिल्यान, तसलो शब्द परत तेच्या तोंडात येऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे इतकं मोठ्याने आलं की पलीकडच्या काठावर ऐकू गेलं म्हणतात.

पण शटर वर ठेवायचं म्हणजे खानावळ उघडी ठेवायची. उजेडात ते एकदा जरी खाली दिसलं तरी वाडीची मान खाली, आणि गिऱ्हाईक तुटलं. म्हणून ती चारला उठायची. उजाडायच्या आत शटर वर. दुपारची झोप नाही, लग्न नाही, माहेर नाही. काळोख पडला की मग खाली. माइकवाला आठवड्यातून दोनदा होडीने यायचा, तांबड्या शटराचा फोटो काढायला. ते कधी खाली सापडलंच नाही. तिखल्याच्या वासाने बसायचा, बांगडे खायचा आणि जायचा. "फोटो गावलो?" मी विचारायचो. "नाय मेल्या," तोंड पुसत म्हणायचा, "परवा परत येतंय."

मग फेब्रुवारीत तिला ताप भरला. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावली. मी रात्रभर बाकावर. सकाळी खिडकीतून उजेड आला तशी ती उठून बसायला लागली. "शटर," म्हणाली. मी म्हटलं, "पड गो. एक दिवस खाली ऱ्हवला तर आभाळ पडूचा नाय." तिने भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा ती रडली. गाऱ्हाण्याच्या दिवशी रडली नव्हती ती.

दुपारच्या एसटीने मी तिचे कपडे आणायला गावात आलो. वळण यायच्या आधीच डोळे मिटून घेतले. कंडक्टर म्हणाला, "उतरा, झोपलास काय?" डोळे उघडले तर शटर वर. आतून धूर येतोय.

मी दारात गेलो. शेजारीण तव्यावर होती. चावी कुठे असते तिला माहीत. आमच्या टीमचा कॅप्टन ताटं घासत होता. आणि गावकार, जे माझ्याशी दिवाळीपासून एक शब्द बोलले नव्हते, खाली पाट घेऊन कांदा चिरत होते. डोळ्यांतून धारा.

मला बघून म्हणाले, "तुज्यासाठी नाय हां. त्या तांबड्याक ऊन दाखवूचा नाय, म्हणान."

"व्हय," मी म्हटलं.

"कशी आसा ती?"

"बरी आसा."

"मगे उभो कित्या? पाणी भर."

कोपऱ्यात माइकवाला जेवत बसला होता. "कढी पातळ झाली आज," म्हणाला. गावकारांनी सुरी त्याच्याकडे रोखली. "गप गिळ."

चार दिवस तशीच चालली खानावळ. एकाही सकाळी उजेडाने तो तांबडा रंग बघितला नाही. मी दवाखान्यात जाऊन सांगितलं तर तिला खरं वाटेना. "गावकार? कांदो?" परत परत विचारत होती. मलाही परत परत सांगावंसं वाटत होतं.

पुढच्या दिवाळीत आम्ही जिंकलो. मला गोलापासून लांब, जेवणाच्या टोपाजवळ बसवलं होतं, म्हणूनच जिंकलो. वर्ष संपलं, शब्द फिटला. दुसऱ्याच दिवशी मी निळ्या रंगाचा नवा डबा घेऊन खानावळीत गेलो.

ती आंबोळ्या घालत होती. म्हणाली, "ठेवा तो डबो."

"कित्या?"

"शटर निळा झाला की बाकीच्यांसारख्या झाला. मगे माका ताप इलो तर उघडूक कोण येतलो?"

मी डबा खाली ठेवला. माझ्यासारख्या माणसाने तिथे बोलायचं नसतं, एवढं मी माइकवरून शिकलो होतो.

तेवढ्यात गावकार आले. तापाच्या त्या दिवसांपासून त्यांना सवय लागली आहे, सकाळी शटर वर गेलं की नाही बघून जायची. त्यांनी डबा बघितला, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. बाहेर चहाला थांबलेल्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय रे, कधी मारतलंस निळो?"

"प्रायमर येवक नाय अजून," मी म्हटलं.

"मगे इलो की मार."

डबा त्यांनी पायाने भिंतीकडे सरकवला, त्याच्यावर बसले, सुरी हातात घेतली आणि म्हणाले, "कांदे हाड गो बाय."

तो डबा अजून फोडलेला नाही. त्यांच्या बसायच्या उंचीला तो बरोबर येतो.