पटावर बसलेली सभा

आमच्या छोट्या संग्रहालयात जुने खेळ आहेत. गंजिफा, सोंगट्या, सागरगोटे, सगळे काचेआड. बघायला फारसं कुणी येत नाही, म्हणून ते चालू ठेवायचं की बंद करायचं, याचा आराखडा करायला विश्वस्तांनी एक सल्लागार बाई नेमल्या. अप्पा, आमचे सर्वांत जुने विश्वस्त, म्हणाले होते, "खर्च कशाला? बंदच करू." त्यांच्यासोबतच्या पहिल्या सभेत मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून टिपणं घेत होते.

बाईंचा पहिलाच प्रश्न, "सोंगट्या खेळतात कशा?"

कपाटांवरच्या पाट्या मी लिहिल्यात, पण खेळले कधीच नव्हते. अप्पांनी माळ्यावरचा एक जादा पट काढला आणि चक्क फरशीवर बसले. कवड्या खुळखुळल्या.

"अप्पा, मेली तुमची सोंगटी!" बाई ओरडल्या.

"मेली कशी? फुलीच्या घरात मारता येत नाही!"

वस्तू जपायची म्हणजे लोकांचे हात तिच्यापासून लांब ठेवायचे, असंच मी समजत आले. पण खेळ उरतो तो हातांत आणि भांडणात. लॅपटॉप केव्हा मिटला, कळलंच नाही. अप्पांच्या बाजूनं मीही तावातावानं भांडत होते.

आरडाओरडा ऐकून, बाहेर पडायला निघालेलं एक जोडपं मागे वळलं. "आम्हाला घेता का?" त्यातल्या बाईनं विचारलं.

अप्पा सरकून बसले. "या की. पण डाव आज संपायचा नाही हं. उद्या परत यावं लागेल."